परदेशी एक्सचेंजला जाताना देशाआधी वेळापत्रक निवडा

एमएमएस किंवा पीजीडीएम या व्यवस्थापनाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या पहिल्या वर्षाची मध्यावरची परीक्षा उरकली की नवी मुंबईतल्या खारघर, नेरूळ, बेलापूर भागांतील व्यवस्थापन संस्थांमध्ये परदेशी एक्सचेंजचा विषय निघतो, आणि बहुतेक वेळा ती चर्चा ‘फ्रान्स की जर्मनी, की सिंगापूर’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते. मी ठाण्याची, माझे शिक्षण नवी मुंबईत झाले आणि त्यातले एक सत्र मी जर्मनीत काढले. त्यानंतर नौपाड्यातल्या आमच्या घरी ओळखीची मुले-मुली आपले अर्ज, विषयांचे तक्ते आणि व्हिसाच्या फायली घेऊन येत राहिली. त्या सगळ्या फायली पाहून झालेले माझे मत असे की देश हा शेवटी ठरवायचा भाग आहे. दोन संस्थांची वेळापत्रके एकमेकांत बसतात का आणि तिथे घेतलेले विषय इथे मोजले जातात का, या दोन गोष्टी आधी ठरल्या, तर बाकीची तयारी कष्टाची असली तरी सरळ असते.

एक्सचेंज म्हणजे परदेशी प्रवेश नव्हे, हे सुरुवातीलाच स्पष्ट असावे. तुम्ही विद्यार्थी तुमच्या मूळ संस्थेचेच राहता, पदवी किंवा पदविकाही तिचीच मिळते. दोन संस्थांमधील करारानुसार एक सत्र तुम्ही यजमान संस्थेत शिकता आणि तिकडचा एखादा विद्यार्थी इकडे येतो. म्हणूनच शिक्षणशुल्क तुम्ही मूळ संस्थेत भरता आणि यजमान संस्था ते माफ करते. विमानाचे तिकीट, व्हिसा, खोली, जेवण, विमा आणि तिथले किरकोळ सत्रशुल्क मात्र तुमच्याच खिशातून जाते. काही कार्यक्रमांना नाव एक्सचेंजचे असते, पण करारात शुल्कमाफी नसते. त्यामुळे माहितीपत्रकावर न थांबता आंतरराष्ट्रीय विभागात जाऊन ‘या करारात शिक्षणशुल्क माफ आहे का आणि यंदा किती जागा आहेत’ असे थेट विचारावे. जागा थोड्या असतात, कारण जितके येतात साधारण तितकेच जातात. आधी मूळ संस्था गुण, उद्देशपत्र आणि मुलाखत पाहून तुमचे नॉमिनेशन करते, आणि ते पोहोचल्यावरच यजमान संस्था अर्जाची लिंक पाठवते. थेट तिकडे मेल पाठवून काही साधत नाही.

आता वेळापत्रक. एक मोठा कागद घ्या आणि त्यावर जूनपासून पुढच्या मार्चपर्यंतचे आठवडे आडवे आखा. वरच्या ओळीत तुमच्या दुसऱ्या वर्षाची सत्रे, परीक्षा, उन्हाळी इंटर्नशिपचा शेवट आणि प्लेसमेंटचा काळ मांडा. खालच्या ओळीत प्रत्येक यजमान संस्थेचे सत्र मांडा. हा कागद बहुतेकांचे मत बदलतो. ट्रायमेस्टर पद्धतीच्या, म्हणजे वर्षाचे तीन भाग करणाऱ्या संस्थेत पाचवा ट्रायमेस्टर साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपतो. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाचे पहिले सत्र ऑगस्टमध्ये सुरू होऊन डिसेंबरच्या आरंभी संपते, त्यामुळे शेवट चांगला जुळतो, पण सुरुवातीला तुमचा चौथा ट्रायमेस्टर आडवा येऊ शकतो. जर्मन विद्यापीठांचे हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असते. व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि फेब्रुवारीपर्यंत चालतात, परीक्षा त्यानंतर. स्वीडनचे शरद सत्र जानेवारीच्या मध्यापर्यंत जाते. म्हणजे ‘डिसेंबरमध्ये परत येऊ’ असे गृहीत धरणाऱ्याला यांतली काही ठिकाणे मुळातच बसत नाहीत.

माझ्या बाबतीत नेमके हेच घडले. जर्मनीतली माझी शेवटची परीक्षा फेब्रुवारीत होती आणि इकडे शेवटचा ट्रायमेस्टर जानेवारीतच सुरू झाला होता. परत आल्यावर महिनाभराची हजेरी, दोन गटप्रकल्प आणि एक चाचणी भरून काढताना जो ताण आला, तो वर्षभर आधी कागदावर दिसला असता तर मी दुसरी संस्था मागितली असती.

वेळापत्रकानंतर विषयांचा तक्ता येतो, आणि माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत सर्वाधिक वेळ द्यावा तो याला. युरोपात १९८७ साली इरॅस्मस योजना सुरू झाली आणि विद्यार्थी एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ लागले, तेव्हा त्यांचा अभ्यास मोजायला समान माप हवे म्हणून १९८९ मध्ये ईसीटीएस ही क्रेडिट पद्धत आली. तिच्यात पूर्ण वर्ष ६० क्रेडिटचे, एक सत्र ३० क्रेडिटचे, आणि एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे एकूण काम, ज्यात वर्गाबरोबर वाचन, प्रकल्प आणि परीक्षेची तयारीही धरलेली असते. आपल्याकडे मात्र क्रेडिट प्रामुख्याने वर्गातल्या तासांवर मोजतात. म्हणून तिकडचा सहा क्रेडिटचा विषय इकडच्या सहा क्रेडिटच्या बरोबरीचा होत नाही. तो बहुधा तीन क्रेडिटचा धरला जातो, पण हे प्रमाण प्रत्येक संस्था स्वतः ठरवते. तुमच्या संस्थेचे प्रमाण लेखी मागून घ्या आणि त्यावरून किती विषय घ्यावे लागतील ते काढा. श्रेणी कशा धरल्या जातात हेही त्याच वेळी विचारावे, कारण काही संस्था परदेशातले गुण सीजीपीएमध्ये, म्हणजे सगळ्या सत्रांच्या एकत्रित सरासरी श्रेणीत, मिळवतात, तर काही केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशी नोंद करतात. सीजीपीए जपून ठेवलेल्या विद्यार्थ्यासाठी हा फरक मोठा असतो.

मग प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या, तो आपल्या विषयाशेजारी ठेवा आणि विषयप्रमुखांची सही घ्या. यालाच लर्निंग अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. त्यावर मूळ संस्था, यजमान संस्था आणि विद्यार्थी अशा तिघांच्या सह्या असतात. पाच विषय हवे असतील तर आठ विषयांची मंजुरी घेऊन ठेवा, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते, आणि त्यामागे स्वतःची ठेच आहे. मी तिथे पोहोचल्यावर दुसऱ्या आठवड्यात एक विषय पुरेसे विद्यार्थी नाहीत म्हणून रद्द झाला. मी घाईने दुसरा निवडला, इकडे फोनवर ‘चालेल’ असे उत्तर मिळाले आणि मी निर्धास्त झाले. परत आल्यावर तो विषय पहिल्या वर्षी शिकलेल्या विषयाशी मिळताजुळता ठरला, त्याची क्रेडिट धरली गेली नाहीत, आणि आधीच दाटलेल्या शेवटच्या ट्रायमेस्टरमध्ये मला एक जादा विषय घ्यावा लागला. फोनवरच्या होकाराला नोंद नसते. विषय बदलला की त्याच दिवशी अभ्यासक्रम जोडून मेल पाठवावा आणि लेखी उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा.

कागदपत्रांत आपल्या मराठी नावांचा एक खास घोळ होतो. आपण नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे लिहितो. पासपोर्टमध्ये पहिली दोन ‘दिलेले नाव’ या रकान्यात जातात आणि आडनाव वेगळे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, काही गुणपत्रिकांवर आईचे नावही असते, आणि आधारवर कधी वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर असते. परदेशी अर्ज, विमानाचे तिकीट, विमा आणि बँकेचे पत्र या चारही ठिकाणी नाव पासपोर्टप्रमाणेच, त्याच स्पेलिंगने लिहावे. लग्नानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींनी पासपोर्ट आधी दुरुस्त करून मगच अर्ज करावा. पासपोर्टच नसेल, तर नॉमिनेशनची वाट न पाहता आजच अर्ज करा. ठाणेकरांना वागळे इस्टेटमधले पासपोर्ट सेवा केंद्र जवळचे आहे. ३६ पानांच्या पासपोर्टचे साधे शुल्क १,५०० रुपये आहे, तत्काळसाठी त्यावर २,००० रुपये जादा. पोलीस पडताळणीच्या वेळी भाड्याच्या घराचा पत्ता असेल तर नोंदणीकृत करारनामा हाताशी असावा.

व्हिसाच्या बाबतीत पहिला प्रश्न दिवसांचा आहे. शेंगेन क्षेत्रातला, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातला, अल्पमुदतीचा व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहू देत नाही, आणि त्यात पोहोचण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. १ सप्टेंबरला पोहोचून २० डिसेंबरला निघालात, तर सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३० आणि डिसेंबरचे २० असे १११ दिवस होतात. म्हणजे डिसेंबरमध्ये संपणाऱ्या सत्रालाही दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो, आणि त्याला अल्पमुदतीच्या व्हिसापेक्षा बराच जास्त वेळ लागू शकतो. फ्रान्ससाठी त्याआधी कॅम्पस फ्रान्स या तिथल्या सरकारी शिक्षणसंस्थेची प्रक्रिया पूर्ण करावी लागते, तर कॅनडात सहा महिन्यांपर्यंतच्या अभ्यासाला सर्वसाधारणपणे स्टडी परमिट लागत नाही, मात्र भारतीय पासपोर्टवर प्रवेशासाठी व्हिसा लागतोच. नियम बदलत असतात, म्हणून ज्या देशात जायचे त्याच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरची यादी स्वतः वाचावी. मागच्या वर्षी गेलेल्या सीनियरने पाठवलेली यादी ही आठवण म्हणून ठीक आहे, आधार म्हणून नव्हे. भेटीची वेळ मिळवण्यात आठवडे जातात, त्यामुळे यजमान संस्थेचे स्वीकृतिपत्र हातात पडले त्याच संध्याकाळी वेळ शोधायला बसावे.

फायलीत बहुधा आई-वडिलांची आर्थिक कागदपत्रे लागतात: मागच्या वर्षांची आयकर विवरणपत्रे, बँकेचे स्टेटमेंट आणि ‘आम्ही खर्च करणार आहोत’ असे प्रायोजकपत्र. आपल्याकडे पुष्कळ घरांतली बचत सहकारी बँकेत आणि मुदत ठेवींत असते. पासबुकाची झेरॉक्स देऊन भागत नाही. शाखेचा शिक्का आणि अधिकाऱ्याची सही असलेले छापील स्टेटमेंट लागते, आणि ठेवींसाठी इंग्रजीतले शिल्लक प्रमाणपत्र लागते. शाखेत कागद तयार व्हायला दोन-तीन चकरा होतात हे धरून चाला. व्हिसाच्या मुलाखतीच्या आधल्या दिवशी खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम संशय निर्माण करते, म्हणून पैसे काही महिने आधीच एका खात्यात स्थिर ठेवावेत.

पैशांचा अंदाज देशाच्या अधिकृत आकड्यावरून बांधावा. जर्मनीने विद्यार्थ्याच्या निर्वाहासाठी २०२४ पासून महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो, असा आकडा ठेवला. त्या हिशेबाने पाच महिन्यांचे ४,९६० युरो होतात. ही रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरली जाते आणि दरमहा ठरलेला हप्ताच हाती येतो. त्यामुळे पहिल्या महिन्यातली अनामत, भाडे, भांडी, उशी-पांघरूण यांसाठी वेगळी रक्कम जवळ हवी. बहुतेकांची ओढाताण इथेच होते. परदेशी पैसे पाठवताना बँकेत ए-२ अर्ज भरावा लागतो आणि पाठवणाऱ्याचा पॅन लागतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, कापला जात नाही, आणि ठरावीक वित्तसंस्थांकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवरही तो लागत नाही. एका सत्राचा खर्च सहसा या मर्यादेच्या आत राहतो. परकी चलन भरून नेता येणारे फॉरेक्स कार्ड घ्या, पण त्या एकाच कार्डावर विसंबू नका.

निघण्यापूर्वी भारतीय सिम रोमिंगसह चालू ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण बँकेचा प्रत्येक व्यवहार ओटीपीवर अडतो. हा नंबर आईच्या किंवा बाबांच्या नावावर असेल, तर तो बँकेत नोंदलेला आहे का, हे एकदा तपासून घ्यावे.

खोलीसाठी यजमान संस्थेच्या वसतिगृहाचा अर्ज ज्या दिवशी खुला होईल त्याच दिवशी भरा. बाहेरची खोली पाहताना, मालक परदेशात असल्याचे सांगून कुरिअरने किल्ली पाठवण्याच्या बदल्यात आधी अनामत मागत असेल, तर पुढे बोलूच नये. अशा फसवणुकीला दरवर्षी विद्यार्थी बळी पडतात. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला दाखला लागतो. हा दाखला द्यायला जो तयार नाही, त्याची खोली स्वस्त असली तरी घेऊ नये.

सामानात काय न्यावे याबद्दल घरात प्रेमापोटी बराच गोंधळ होतो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खव्याची बर्फी घरीच ठेवावी लागते. ताजी फळे आणि भाज्या वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन यांना आहे. वाशीच्या बाजारातून आणलेली हापूसची पेटी किंवा कुंडीतला ताजा कढीपत्ता पिशवीत घालू नये. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कोरडा नारळ, चटण्या या गोष्टी बंद पाकिटांत, वर नाव लिहून न्याव्यात. कुकरच्या बुडाला चुंबक लावून पाहा. चिकटला नाही तर तो कुकर इंडक्शनच्या शेगडीवर तापणार नाही, आणि आपल्या घरचे बहुतेक कुकर ॲल्युमिनियमचे असतात. शिवाय वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात धुराचा गजर असतो. माझ्या पहिल्याच मोहरी-हिंगाच्या फोडणीने तो वाजला आणि चार मजल्यांवरची मुले ऑक्टोबरच्या थंडीत खाली उभी राहिली. खिडकी उघडून, झाकण ठेवून, मंद आचेवर फोडणी करायला मी त्या दिवसापासून शिकले. नेहमीची औषधे मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत. थंडीचे कपडे इथून मोजकेच घ्यावेत. जाड कोट तिथेच चांगला मिळतो.

तिकीट काढताना आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी किंवा दुपारी पोहोचाल असे पाहा. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात आणि शनिवारी रात्री पोहोचलेल्या मुलीला सोमवारपर्यंत घरून नेलेल्या खाकऱ्यावर दिवस काढावे लागतात. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने सुटू लागली असल्याने तिकिटावर कोणता विमानतळ लिहिला आहे, हे घरातल्या सगळ्यांना नीट दाखवून ठेवावे. ठाण्याहून अंधेरीकडे निघालेली गाडी ऐनवेळी उलव्याकडे वळवणे सोपे नाही. स्वीकृतिपत्र, विम्याचे कागद, खोलीचा करार आणि लर्निंग अ‍ॅग्रीमेंट यांच्या छापील प्रती हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, कारण विमानतळावरचा अधिकारी ते मागू शकतो आणि चेक-इन केलेली बॅग त्या वेळी तुमच्या हाती नसते.

तिथे गेल्यावर प्लेसमेंट विसरून चालत नाही. इकडच्या कंपन्यांच्या मुलाखती ऑनलाइन द्याव्या लागल्या तर वेळेचा हिशेब काळजीने ठेवा. जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे होतात आणि फरक साडेचार तासांचा होतो. ठाण्यातली सकाळी दहाची मुलाखत तिथे ऑक्टोबरच्या मध्याला साडेसहाला असते आणि नोव्हेंबरमध्ये साडेपाचला. वसतिगृहाच्या भिंती पातळ असतात; वाचनालयातली बंद खोली आदल्या दिवशी राखून ठेवावी, आणि ती इतक्या पहाटे उघडते का हे आधीच विचारून घ्यावे. जाण्यापूर्वी प्लेसमेंट समितीला तुमच्या तारखा लेखी कळवाव्यात आणि कोणत्या कंपन्या प्रत्यक्ष उपस्थितीचाच आग्रह धरतात, हे समजून घ्यावे.

अभ्यासाच्या पद्धतीबद्दल एकच सांगते. तिथे गटप्रकल्पात गप्प राहणारा विद्यार्थी नम्र समजला जात नाही. त्याचे काम झालेले नाही, असेच धरले जाते. पहिल्या बैठकीतच आपला वाटा कोणता हे स्पष्ट बोलून घ्यावे.

परतण्याच्या आधीच्या पंधरवड्यात पुन्हा कागदांकडे वळावे. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे तिथली अधिकृत गुणपत्रिका, कोणाकडून, कोणत्या तारखेला आणि थेट मूळ संस्थेला जाणार की तुमच्या हाती मिळणार, हे विचारून त्या विभागाचा मेल पत्ता जवळ ठेवा; निकाल लागायला कधी सहा-आठ आठवडे जातात आणि तोवर इकडे शेवटच्या गुणपत्रिकेची छपाई सुरू होते. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, जमा केलेले प्रकल्प आणि मंजुरीचे मेल एका फोल्डरमध्ये साठवून ठेवा, कारण क्रेडिटबद्दल शंका निघाली तर तेच पुढे करावे लागतात. खोलीची पाहणी मालकासोबत करून, भिंतींचे आणि शेगडीचे फोटो काढून किल्ली द्या आणि अनामत कोणत्या खात्यात येणार ते लेखी घ्या. जर्मनीत पत्त्याची नोंदणी रद्द केल्याचा दाखला मिळतो, तोही घ्यावा. तिथले बँक खाते मात्र अनामत जमा होईपर्यंत बंद करू नये.